नावावरचा हक्क

अमेरिकेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धा म्हणजे १८५२ साली हार्वर्ड आणि येल यांच्यात झालेली होड्यांची शर्यत. न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी सरोवरावरच्या त्या शर्यतीचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता. पैसा असा पहिल्या दिवसापासून सोबत असूनही, १९०६ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे एनसीएए नावाने ओळखल्या गेलेल्या संघटनेने खेळाडूला हौशीपणाच्या नियमात बांधले. १९५६ पासून क्रीडा शिष्यवृत्ती अधिकृत झाली, पण स्वतःच्या नावावर किंवा चेहऱ्यावर एक डॉलर कमावला तरी खेळाडू अपात्र ठरे. पुढे दूरचित्रवाणीमुळे विद्यापीठांचे उत्पन्न प्रचंड वाढले. प्रशिक्षकांचे पगारही वाढले. खेळाडूंवरचा नियम मात्र तसाच राहिला.

त्याला मोठा धक्का दिला एड ओ'बॅनन याने. १९९५ साली यूसीएलएला बास्केटबॉलचे अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या या खेळाडूला अनेक वर्षांनी एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःचीच प्रतिमा दिसली. नाव नव्हते, पण ३१ क्रमांकाचा तो डावखुरा खेळाडू कोण, हे कळायला नावाची गरज नव्हती. २००९ मध्ये त्याने दावा लावला आणि २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला.

तोवर समाजमाध्यमे आली होती आणि विद्यापीठाच्या मध्यस्थीशिवाय खेळाडू थेट चाहत्यांपर्यंत पोहोचत होता. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा किकर डोनाल्ड डे ला हे आपल्या खेळाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकून जाहिरातींतून कमावत असे. खेळाडू म्हणून असलेल्या ओळखीवर पैसे मिळवायचे नाहीत, ही अट त्याने नाकारली. २०१७ मध्ये खेळायची पात्रता गेली आणि शिष्यवृत्तीही गेली. अन्याय सर्वांत उघडा पडला तो जिम्नॅस्टिक्समध्ये. जानेवारी २०१९ मध्ये यूसीएलएच्या केटलिन ओहाशीने पैकीच्या पैकी, दहा गुण मिळवले. तिच्या त्या कसरतीचा व्हिडिओ जगभर कोट्यवधी लोकांनी पाहिला. तिला त्यावर काहीच कमावता येत नव्हते. फुटबॉलपटूला निदान व्यावसायिक लीगची आशा असते. जिम्नॅस्टसाठी महाविद्यालयाची वर्षे हीच बहुधा कमाईची वर्षे, आणि नेमकी तीच नियमाने हिरावून घेतली होती.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला कॅलिफोर्नियात खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावण्याचा हक्क देणाऱ्या कायद्यावर सही झाली. पाठोपाठ इतर राज्ये सरसावली. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲल्स्टन नावाच्या दुसऱ्या एका खटल्यात एकमताने एनसीएएच्या विरोधात कौल दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना नाव, प्रतिमा आणि ओळख यांवर कमावण्याची मुभा मिळाली. पहिल्याच दिवशी फ्रेस्नो स्टेटच्या जुळ्या बास्केटबॉलपटू हेली आणि हॅना कॅव्हिंडर यांनी एका मोबाइल कंपनीशी करार केला. त्यांची ओळख मुख्यतः टिकटॉकवर घडलेली. लुइझियाना स्टेटची जिम्नॅस्ट ऑलिव्हिया डन हिच्या मागेही लाखो फॉलोअर होते. विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी खेळाडूंना मात्र नोकरीवरच्या निर्बंधांमुळे ही वाट बरीचशी बंदच राहिली.

२०१३ नंतर थांबलेला महाविद्यालयीन फुटबॉलचा व्हिडिओ गेम २०२४ मध्ये परतला तेव्हा त्यात खरी नावे होती, आणि त्यासाठी खेळाडूंना प्रत्येकी ६०० डॉलर देऊ केले गेले. जून २०२५ मध्ये विल्केन यांनीच मंजूर केलेल्या, एनसीएएविरुद्धच्या खटल्यातल्या समझोत्याने विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे देण्याची परवानगी दिली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली.