बीड जिल्ह्यातील उच्च शिक्षणाच्या संधी

बीड हा महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील ११ तालुक्यांचा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. २०११च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८५,०४९ व साक्षरता सुमारे ७७ टक्के होती. येथील असंख्य कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात. त्यामुळे जिल्ह्यात उच्च शिक्षणाच्या संधी वाढविण्याच्या विचारात शुल्काइतकेच निवास, प्रवास व शैक्षणिक वेळापत्रक हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९४८ पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होते. संस्थानातील उस्मानिया विद्यापीठ (स्थापना १९१८) हैदराबादेत असून तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलांना मातृभाषेतील शालेय शिक्षणही सहज मिळत नसे. अशा काळात स्वामी रामानंद तीर्थ यांनी अंबाजोगाई (तत्कालीन मोमिनाबाद) येथील योगेश्वरी शिक्षणसंस्थेत अध्यापनाचे कार्य केले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. बीड जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९७०च्या दशकात अंबाजोगाईत सुरू झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ही जिल्ह्यातील महत्त्वाची शासकीय संस्था होय.

अडथळे

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असा चालतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पती-पत्नी मिळून 'एक कोयता' म्हणून काम करतात. पहिल्या सत्राची परीक्षा आणि दुसऱ्या सत्राचे बहुतांश अध्यापन याच काळात येते. शालेय वयातील मुले आई-वडिलांबरोबर फडावर गेल्यास शाळा सुटते, तर मागे राहिल्यास त्यांच्या निवासाचा व भोजनाचा प्रश्न उभा राहतो. मुलींच्या बाबतीत सुरक्षिततेच्या चिंतेतून लवकर विवाह लावून देण्याकडे कल दिसतो. परिणामी अनेकांची वाट बारावीपूर्वीच खुंटते व महाविद्यालयीन सवलतींचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

प्रवास हा दुसरा अडथळा आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण विद्यार्थिनींना एस.टी.चा मोफत पास मिळतो, परंतु तो बारावीपर्यंतच असतो. पदवीच्या वर्गात सवलतीचा मासिक पास काढावा लागतो.

प्रमुख योजना

अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व शुल्कमाफीच्या योजना आहेत. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास व निर्वाहासाठी स्वाधार योजनेतून रक्कम दिली जाते. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ केले. खोलीभाडे, खानावळ व प्रवास यांचा खर्च मात्र या माफीत येत नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. तीनुसार ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक व मुलींसाठी एक, अशी प्रत्येकी १०० क्षमतेची ८२ वसतिगृहे प्रस्तावित करण्यात आली. पहिल्या टप्प्यात बीड जिल्ह्यातील तालुक्यांचा समावेश आहे.

धोरणात्मक प्रस्ताव

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील स्थूल नोंदणी प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. २०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात हे प्रमाण देशात २८.४ टक्के होते. प्रत्येक जिल्ह्यात किंवा त्याच्या जवळ किमान एक मोठी बहुविद्याशाखीय संस्था असावी, असेही हे धोरण सुचविते.

याच धोरणातील श्रेयांक पेढी व बहुविध प्रवेश-निर्गमन या तरतुदी स्थलांतरित कुटुंबांतील विद्यार्थ्यांना उपयोगी पडू शकतात. शिक्षणात खंड पडला तरी मिळविलेले श्रेयांक जमा राहतात व पुढे पुन्हा प्रवेश घेता येतो. तथापि, अर्ध्यावर बाहेर पडण्याची सोय गरीब विद्यार्थ्यांच्या गळतीवर पांघरूण घालील, असा आक्षेपही घेतला जातो. परत येणाऱ्यास वसतिगृह व शिष्यवृत्ती पुन्हा मिळते की नाही, यावर या तरतुदीचे यश अवलंबून आहे.

दूरस्थ शिक्षण हा आणखी एक मार्ग आहे. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरी किंवा शेती करणाऱ्यांसाठी अभ्यासकेंद्रांद्वारे पदवी शिक्षण उपलब्ध केले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठाने पंचवार्षिक बृहत् आराखडा तयार करावयाचा असतो. नवीन महाविद्यालये कोठे असावीत हे त्यातून ठरत असल्याने, स्थलांतरप्रवण तालुक्यांच्या गरजा मांडण्याचे ते प्रमुख वैधानिक साधन आहे.

हे सुद्धा पहा

बीड जिल्हा
ऊसतोड कामगार
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०
कमवा व शिका योजना