दर्याची परतफेड

नारळी पौर्णिमेला आमच्या गावची कोळी मंडळी वाजतगाजत दर्याला नारळ वाहतात, आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच शाळेतली कार्टी पाण्यात उतरून ते परत काढतात. लहानपणी मीही काढले आहेत. नारळ काठाशीच का येतो, हा प्रश्न मात्र मास्तर झाल्यावर पडला.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा नैर्ऋत्येचा, दर्याकडून जमिनीकडे. तरंगत्या वस्तूचे जेवढे अंग पाण्याबाहेर, तेवढा तिला वारा अधिक लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती उंच चढते. तिने वर नेऊन टाकलेली वस्तू पुढे भांगाच्या दिवसांत पाणी तिथवर पोचत नाही म्हणून तशीच राहते. आजीच्या काळी त्या ओळीत शंख-शिंपले, एखादे मोडके वल्हे सापडे. आता पिशव्याच पिशव्या!

१९०७ साली अमेरिकेत लिओ बेकलंड यांनी बेकेलाइट केले. ते पाण्यात बुडणारे. १९३३ साली इंग्लंडात पॉलिथिन एका प्रयोगात अवचित हाती लागले, आणि ते पाण्याहून हलके निघाले. माझ्या मते खरा घोटाळा इथेच झाला. जानेवारी १९९२ मध्ये पॅसिफिक महासागरात एका जहाजावरून पेट्या पडल्या. त्यांतली अठ्ठावीस हजारांहून अधिक प्लॅस्टिकची बदके, बेडूक, कासवे मोकळी झाली. त्याच नोव्हेंबरात त्यांतली काही अलास्काच्या किनाऱ्याला लागली. कर्टिस एबेसमायर या शास्त्रज्ञाने त्यांवरून समुद्रप्रवाहांचा माग काढला.

ही गोष्ट मी वर्गात रंगवून सांगितली, आणि आपल्या किनाऱ्यावरची घाणही अशीच परमुलखातून येते, असे ठोकून दिले.

यंदा श्रावणात मुलांना घेऊन ती ओळ वेचायला गेलो. सहावीतल्या एका मुलीने एक पिशवी आणून दिली. तिच्यावर आमच्याच पेठेतल्या दुकानाचे नाव.

"गुरुजी, ही कुठल्या देशातून आली?"

ती हसली नाही. मीही काही बोललो नाही. २०१८ साली सरकारने पिशव्यांवर बंदी घातली खरी, पण आमच्या घरचे निर्माल्य वर्षानुवर्षे पिशवीसकट पुलावरून खाडीत जात होते, हे ठाऊक असलेला तिथे मी एकटाच. ओहोटी ते बाहेर नेई आणि भरती-वारा मिळून परत आणून देत.

यंदा गणपतीचे निर्माल्य परडीतून नेऊन परसातल्या माडाच्या आळ्यात पुरले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.