ट्रामने हलवलेली वेधशाळा

७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामने फिरणाऱ्या शहराच्या दृष्टीने तो अभिमानाचा दिवस होता. परंतु ही ट्राम सुटण्याच्या आधीच तिच्यामुळे एका संस्थेला आपले साठ वर्षांचे काम उचलून बंदरापलीकडे न्यावे लागले होते. ती संस्था म्हणजे कुलाब्याची वेधशाळा.

हा थ्रेड त्या स्थलांतराचा आहे. आणि ज्या कारणामुळे ते घडले, त्याच कारणाच्या आधाराने आज हातात धरायच्या एका लहानशा प्रोबने सर्किट बोर्डावरचा प्रवाह कसा 'दिसतो', त्याचाही.

प्रारंभ कोपनहेगनपासून करावा लागेल. १८२० साली हान्स ख्रिस्तियन ओर्स्टेड याने दाखवून दिले की, तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई वळते. प्रवाह तारेत असतो, तिच्याभोवती आवरणही चढवता येते. परंतु त्याचे चुंबकीय क्षेत्र तारेबाहेर पसरलेलेच असते आणि कापूस, लाकूड, माती यांतून ते सहज आरपार जाते. प्रवाहाला स्पर्श न करता त्याचा ठावठिकाणा सांगणारे पहिले साधन म्हणजे ती सुई होय.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १८२६ साली, ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याला वेधशाळा स्थापली. जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि आकाशातील ग्रहताऱ्यांचे वेध घेता यावेत, हा तिचा मूळ हेतू. पुढे युरोपात गाउस आणि वेबर यांच्या प्रेरणेने जगभर पृथ्वीचे चुंबकत्व मोजण्याची लाट आली आणि १८४१ पासून कुलाब्यातही हे काम सुरू झाले. तेव्हा वेधशाळेची सूत्रे एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्याकडे होती. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांत अलिबागजवळच्या नागावचा एक विलक्षण गणिती मुलगा होता. केरो लक्ष्मण छत्रे हे त्याचे नाव. पुढे महाराष्ट्राने त्यांना केरूनाना म्हणून ओळखले आणि लोकमान्य टिळकांनी गुरू मानले.

१८४६ पासून कुलाब्याच्या नोंदी ताशी आणि अखंड होऊ लागल्या. 'ताशी' हा शब्द सहज वाचून पुढे जाण्यासारखा नाही. छायाचित्रणाने आपोआप नोंद करणारी यंत्रे कुलाब्यात १८७० नंतर आली. तोवरची जवळजवळ पंचवीस वर्षे दिवसा, रात्री, भर पावसाळ्यात कोणीतरी उपकरणाजवळ जाऊन आकडा वाचत होता आणि वहीत उतरवत होता. त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत.

त्या कष्टांचे मोल एका दिवसात कळते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन याला सूर्यावर अचानक लखलखाट दिसला. साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड यांच्यामधील तारकचेऱ्यांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि वादळाने तारांत निर्माण केलेल्या प्रवाहावरच संदेश पाठवले. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरचा दिवस होता. कुलाब्यात काम करणाऱ्याने उपकरणातील आकडे कोसळताना पाहिले आणि ते नेहमीपेक्षा थोड्या थोड्या अंतराने टिपून ठेवले. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक मुंबईत सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला असतो. तो त्या दिवशी सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातून त्या वादळाची अशी नोंद दुर्मीळच. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या महावादळाची तीव्रता नव्याने मांडली, तेव्हा आधार घेतला तो कुलाब्याच्या जुन्या तक्त्यांचाच.

आता ट्रामकडे वळू.

विजेच्या ट्रामला प्रवाह मिळतो वरच्या तारेतून. तो मोटारीतून चाकांत, चाकांतून रुळांत येतो आणि रुळांवाटे वीजकेंद्राकडे परततो. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना चिकटून असती, तर दोन्हींची क्षेत्रे एकमेकांना जवळपास खोडून काढती. येथे मात्र एक वाट डोक्यावर आहे आणि दुसरी पायाखाली. त्यातही रूळ जमिनीपासून पुरते विलग नसतात. काही प्रवाह मातीत, पाण्याच्या नळांत शिरतो आणि स्वतःचा मार्ग शोधत परततो. म्हणून शहरभर एक मोठे, वेडेवाकडे वेटोळे तयार होते आणि चालकाने हात फिरवला की त्यातील प्रवाह बदलतो.

थोडे गणित करू. एका लांब सरळ तारेतून एक अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर एक मीटर अंतरावर सुमारे २०० नॅनोटेस्ला क्षेत्र असते. अंतर दुप्पट झाले की क्षेत्र निम्मे होते. शंभर अँपिअर आणि शंभर मीटर घेतले, तरी उत्तर तेच. परतीचा प्रवाह त्यातला मोठा भाग खोडतो असे धरले, तरी जे उरते ते लहान नाही. कारण शांत दिवशी पृथ्वीचे क्षेत्र सकाळ ते संध्याकाळ जेमतेम काही दशक नॅनोटेस्लांनी हलते. वेधशाळेला मोजायचे होते ते हेच हलणे. ट्राम थांबली आणि सुटली की नोंदीच्या रेषेवर ओरखडा. तो सूर्याचा की गिरगावच्या ट्रामचा, हे कागदावरून कोणी ओळखावे?

हे संकट एकट्या मुंबईचे नव्हते. कॅनडात टोरांटोच्या वेधशाळेने ट्रामला कंटाळून १८९८ साली आपले चुंबकीय काम अ‍ॅजिनकोर्टला नेले. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचे काम १९०८ मध्ये स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूरच्या निर्जन खोऱ्यात गेले. जगातील शहरे विजेवर चालू लागली आणि पृथ्वीचे चुंबकत्व मोजणारे लोक एकेक करून गावाबाहेर पडले.

कुलाब्याचे संचालक तेव्हा नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस होते. १८५९ सालचा, म्हणजे त्या महावादळाच्याच वर्षाचा त्यांचा जन्म. या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. १८९६ मध्ये सूत्रे त्यांच्याकडे आली. ट्राम विजेवर नेण्याचा विचार सुरू होताच त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो जागेपुरता नव्हता. नवी जागा कोठेही मिळाली असती. परंतु प्रत्येक जागेचे चुंबकत्व निराळे असते. कुलाब्याची नोंद एके दिवशी थांबवून दुसऱ्या दिवशी दुसरीकडे सुरू केली असती, तर हाती दोन तुटक मालिका उरल्या असत्या. साठ वर्षांची वही मधोमध फाटली असती आणि ती पुन्हा कधीच शिवता आली नसती.

मूस यांनी अलिबाग निवडले. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटर दक्षिणेला, समुद्राकाठी, ट्रामच्या आवाक्याबाहेर. पुढचा प्रश्न होता इमारतीचा, आणि येथे सह्याद्री आडवा आला.

मुरबाड तालुक्यात वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट वर चढते. तेथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख ज्या काळ्या पाषाणात कोरला आहे, तो बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर आहेत. त्यांत लोहचुंबकी खनिजाचे बारीक कण असतात आणि लाव्हा निवताना त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा त्या कणांत गोठून राहते. दख्खनच्या कित्येक थरांतील ही दिशा आजच्या उलट आहे; म्हणजे तेव्हाचे होकायंत्र दक्षिण दाखवते. भूवैज्ञानिकाला हे घबाड. ज्याला पृथ्वीचे आजचे क्षेत्र हजारांत एका अंशापेक्षाही बारकाईने मोजायचे आहे, त्याला मात्र अशा दगडाच्या चार भिंती म्हणजे उपद्रव. महाराष्ट्राचे गड, लेणी, वाडे ज्या दगडाने उभे राहिले, तोच दगड येथे नाकारावा लागणार होता. म्हणून अलिबागच्या वेधगृहासाठी पोरबंदरचा फिकट दगड आणला गेला आणि लोखंड दूर ठेवले गेले. भिंती जाड, जेणेकरून आतले तापमान फारसे हलू नये.

१९०४ मध्ये अलिबाग सुरू झाले, तरी कुलाबा बंद करण्यात आले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. या दोन वर्षांमुळे एका जागेचे मूल्य दुसऱ्या जागेच्या मूल्याशी जुळवता आले. मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले आणि पुढच्या वर्षी ट्राम धावली. सरकारी कामांच्या इतिहासात असा क्रम क्वचित पाहायला मिळतो. १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याच्या निरीक्षणांचे विवेचन मूस यांनी १९१० साली दोन भागांत प्रसिद्ध केले. १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी सुरू झाली. तोवर कुलाब्यात मोजण्यासारखी शांतता उरली नसतीच.

ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतून गेली. तिने वेधशाळेला ज्या गोष्टीचा त्रास दिला, ती गोष्ट मात्र दुसऱ्या एका क्षेत्रात कामाची ठरली.

सर्किट बोर्डावरचा प्रवाह मोजणे वाटते तितके सोपे नाही. दोन बिंदूंमधील व्होल्टेज मोजायचे तर मल्टीमीटरच्या दोन टोकांनी काम भागते. प्रवाहासाठी मात्र वाट तोडून मधे मीटर घालावा लागतो. तार असेल तर तिच्याभोवती क्लॅम्प बसवता येतो. परंतु बोर्डावर तांब्याचे ट्रॅक चिकटलेले असतात, केसाएवढे बारीक, आणि त्यांच्याभोवती काहीही गुंडाळता येत नाही. ट्रॅक कापून पाहायचा, तर बोर्डच जखमी होतो.

येथे ओर्स्टेडची सुई परत येते, फक्त फार लहान रूपात. प्रोबच्या टोकाशी चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सूक्ष्म संवेदक असतो आणि ते टोक ट्रॅकवर नुसते टेकवायचे असते. काही प्रोबांत तारेचे इवलेसे वेटोळे असते. ते फक्त बदलता प्रवाह ओळखते, कारण स्थिर क्षेत्राने वेटोळ्यात काहीच निर्माण होत नाही. काहींत १८७९ साली एडविन हॉल याने शोधलेल्या परिणामाचा उपयोग केलेला असतो. सर्वांत रोचक प्रकार फ्लक्सगेटचा. चटकन चुंबकित होणाऱ्या धातूचा एक तुकडा घेऊन त्याला उलटसुलट प्रवाहाने दोन्ही दिशांना पुरता चुंबकित करत राहायचे. बाहेर क्षेत्र नसेल तर दोन्ही फेऱ्या सारख्या होतात. बाहेरून थोडेही क्षेत्र आले की एक बाजू आधी भरते, आणि त्या फरकावरून क्षेत्र कळते. १९३० च्या दशकात ही युक्ती आकाराला आली. दुसऱ्या महायुद्धात विमानांतून पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्यासाठी ती वापरली गेली, आणि नंतर वेधशाळांतही आली. अलिबागच्या आधुनिक नोंदींतही फ्लक्सगेट आहेच.

म्हणजे बोर्डावर टेकवलेला प्रोब ही एक छोटी वेधशाळाच आहे, आणि तिचा आवडता विषय ट्राम आहे. ट्रॅकमध्ये एक मिलिअँपिअर प्रवाह असेल आणि संवेदक एक मिलिमीटरवर असेल, तर तेथे सुमारे २०० नॅनोटेस्ला क्षेत्र मिळते. वरच्या ट्रामच्या हिशेबातलाच हा आकडा. प्रवाह लाखपट कमी झाला आणि अंतरही लाखपट कमी झाले. जवळ जाणे हीच प्रोबची सारी ताकद आहे, आणि तीच त्याची मर्यादाही. हात किंचित वर उचलला तर वाचन घसरते. ट्रॅक रुंद असेल तर प्रवाह पसरतो आणि आकडा कमी येतो. शेजारच्या ट्रॅकचे क्षेत्र मिसळते. म्हणून असे प्रोब अचूक मोजमापापेक्षा वाट शोधण्यात अधिक सरस ठरतात.

समजा, एखाद्या बोर्डावर पुरवठ्याची रेषा आणि ग्राउंड यांच्यात कोठेतरी शॉर्ट आहे. त्या रेषेला पन्नास घटक जोडलेले. प्रत्येक काढून पाहणे अशक्य. अशा वेळी बाहेरून थोडा मर्यादित प्रवाह सोडतात आणि प्रोब ट्रॅकवरून पुढे सरकवत नेतात. वाचन येत राहते, एका फाट्यावर ते एका बाजूला वळते आणि एका लहानशा कपॅसिटरपाशी जवळपास शून्य होते. प्रवाह तेथेच खाली उतरला. दोषी घटक तोच. ओळीने घेतलेली अशी शेकडो वाचने बोर्डाच्या छायाचित्रावर रंगांनी मांडली, की प्रवाहाची नदी आणि तिचे ओढे डोळ्यांना दिसू लागतात.

या कामातही एक उपद्रव आहे. प्रोब कोठेही न टेकवता हवेत धरला, तरी तो शून्य दाखवत नाही, कारण पृथ्वीचे क्षेत्र सर्वत्र आहेच. ट्रॅकवर टेकवण्याआधी बोर्डाचा वीजपुरवठा बंद ठेवून ते वाचन वजा करावे लागते, आणि हाताचा कोन बदलला की पुन्हा एकदा. येथे जो आकडा पुसून टाकला जातो, तोच आकडा अलिबागेत दिवसरात्र लिहिला जातो.