वसईच्या इतिहासाचीं तीन दप्तरें

महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करणें हें आपलें कर्तव्यच होय. परंतु तें केवळ ऐकीव कथांवर न विसंबतां लेखी आधारानें करणें अधिक श्रेयस्कर. सुदैवानें वसई प्रांतापुरता असा आधार विपुल आहे. मात्र तो तीन निरनिराळ्या दप्तरांत विखुरला आहे.

पहिलें दप्तर पोर्तुगीजांचें. इ. स. 1534 मध्यें गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें वसई त्यांच्या स्वाधीन केली. पुढें 1554 सालीं सिमांव बोतेल्हो यानें जमाबंदीची जी वही सिद्ध केली, तींत वसईकडील परगणे व त्यांचें उत्पन्न नमूद आहे. 'परगणा' हा शब्दही त्यानें तसाच ठेविला आहे. राज्य बदललें तरी महसुलाची जुनी घडी एकदम मोडली नाहीं, याची ही खूण होय.

दुसरें दप्तर मराठ्यांचें. 1737 ते 1739 या काळांतील वसईच्या मोहिमेचीं पत्रें पेशवे दप्तरांत असून, रियासतकार सरदेसाई यांनीं त्यांचा स्वतंत्र खंड संपादिला आहे. उलट बाजूची हकीकत गोमंतकीय पंडित डॉ. गेर्सन दा कुन्हा यांच्या 1876 सालच्या चौल व वसईवरील ग्रंथांत मिळते. एकच वेढा तटाच्या आंतून व बाहेरून कसा भासला, हें दोन्हीं ताडून पाहिल्यावांचून कळावयाचें नाहीं.

परंतु या दोन्हीं दप्तरांत आपला पणजा-खापरपणजा बहुधा सारा देणारी रयत म्हणूनच आढळतो. त्याचें नांव तेथें क्वचितच सांपडेल. तें सांपडतें तिसऱ्या दप्तरांत, म्हणजे देवळांतील बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या वह्यांत. विवाहाची नोंद धर्मगुरूनें वहींत करावी, असें त्रेंतच्या धर्मसभेनें 1563 सालींच ठरविलें. त्या शिस्तीमुळेंच शेतकरी, कोळी, विधवा, तान्हें मूल, सर्वांस इतिहासांत जागा मिळाली.

ओल व वाळवी हे या दप्तराचे वैरी होत. पान एकदां गळालें कीं तें पुनः लिहितां येत नाहीं. राजवाडे प्रभृतींनीं 1910 सालीं पुण्यास स्थापिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळानें घरोघरींचे कागद जमविण्याचा कित्ता घालून दिला आहे. आपणही पेटींतील जुनीं खरेदीपत्रें, पत्रें व छायाचित्रें बाहेर काढून त्यांच्या नकला धर्मगुरूंच्या स्वाधीन कराव्या, अशी नम्र विनंति आहे. ज्यांनीं हा विश्वास आपल्यापर्यंत पोंचविला, त्यांचीं नांवें जतन करण्याची सद्बुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो.