धुराचा वास कशासाठी? रशियन बूट ते निश परफ्युम

आजचा भाग वासाच्या इतिहासावर. 'परफ्युम' हा शब्द लॅटिनमधल्या 'पर फ्युमुम'वरून आला, म्हणजे 'धुरातून'. पूर्वी सुगंध म्हणजे धूप जाळणं. आज परफ्युम म्हटलं की आपल्याला फुलं आणि लिंबू आठवतात, धूर नाही.

पण निश परफ्युममध्ये, म्हणजे मोजक्या शौकिनांसाठी बनणाऱ्या अत्तरांमध्ये, धूर टिकून आहे. स्विस अत्तरकार अँडी टाउअर यांचं 'लोनस्टार मेमरीज' घ्या, २००६ सालचं. नाकाशी नेलं की आधी डांबर, विझत आलेली शेकोटी, जुनं खोगीर. मग हळूहळू लाकूड आणि मऊ चामडं. कुणी नाक मुरडेल, कुणी मनगट पुन्हा पुन्हा हुंगेल. मी दुसऱ्या गटातला! या वासाचं एवढं आकर्षण का, याचं उत्तर मला बाटलीत नाही, बुटांत सापडलं.

या वासामागे आहे बर्च झाडाची साल. आपलं भूर्जपत्र हिमालयातल्या बर्चचंच, रशियातला बर्च त्याचा भाऊबंद. ही साल हवा लागू न देता तापवली की जळत नाही, तिच्यातून काळं डांबर पाझरतं. ही युक्ती फार जुनी. इटलीत कॅम्पिटेलो इथे सापडलेल्या दगडी हत्यारांवर बर्चचं डांबर आहे, सुमारे २ लाख वर्षांपूर्वीचं. निअँडरथल माणसं ते डिंकासारखं वापरायची.

रशियात या डांबराचं तेल चामड्यात मुरवत. आधी विलोसारख्या झाडांच्या सालीत कातडं कमवायचं, मग हे तेल चोळायचं. चामडं पाण्याला दाद देत नसे, त्याला कीड-बुरशी लागत नसे. वास हा फक्त त्या कामाचा परिणाम! पण 'रशियन लेदर' युरोपात इतकं गाजलं की लोक ते वासावरून ओळखू लागले.

ते किती टिकाऊ होतं? डिसेंबर १७८६ मध्ये 'मेटा कॅथरिना' हे जहाज सेंट पीटर्सबर्गहून जिनोव्हाला ताग आणि चामडं घेऊन निघालं होतं. इंग्लंडमधल्या प्लिमथजवळ ते वादळात बुडालं. १९७३ मध्ये पाणबुड्यांना ते सापडलं. १८७ वर्षं समुद्रतळाच्या चिखलात पडलेलं बरंचसं चामडं अजून वापरण्याजोगं होतं. कारागिरांनी त्याचे बूट, पिशव्या बनवल्या.

पुढे वास चामड्यापासून सुटला आणि बाटलीत शिरला. १९२०च्या दशकात शनेलने 'क्विर द रूसी' आणलं. नावाचा अर्थच 'रशियन चामडं'. ते बनवणारे अर्नेस्ट बो मॉस्कोत जन्मलेले, क्रांतीनंतर फ्रान्समध्ये आलेले. ज्या रशियाचं चामडं त्यांनी बाटलीत भरलं, ती त्यांच्यामागे संपली होती.

आता यातली खरी गोम ऐका. जाळातून येणाऱ्या या तेलात धुराचा वास देणारे ग्वायाकॉलसारखे घटक असतात, तसेच बेंझोपायरीनसारखे कर्करोगाचा धोका असणारेही. म्हणून अत्तर उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना कच्चं बर्च-तेल वापरू देत नाही. शुद्ध केलेलं चालतं, पण कडक मर्यादेत. हा नियम मला पटतो. अत्तर रोज अंगाला लागतं, आणि वासासाठी कातडीशी जुगार नको. शुद्ध करताना थोडा रांगडेपणा जातो, तो गेलेला परवडला.

मला वाटतं, फुलांचा वास 'मी ताजा आहे' म्हणतो. धुराचा वास म्हणतो, 'मी टिकलोय.' कुजणं, पाऊस, कीड या सगळ्यांशी माणसाने आगीच्या मदतीने केलेली झटापट त्यात आहे. म्हणूनच तो पहिल्या भेटीत सलतो, आणि मग सुटत नाही.

तुम्हाला धुराचा कुठला वास आवडतो, चुलीचा, उदाचा की आणखी कुठला? जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!