"दात यायलेत लेकराला": बाळाच्या पहिल्या दाताचा मोठा इतिहास

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आजचा भाग एका रडणाऱ्या बाळापासून सुरू होतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी ताई अंबडला राहते. रात्री अकराला तिचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर आठ महिन्यांचा भाचा, तोंडात मूठ, हनुवटीवर लाळेची धार, आणि रडणं काही थांबत नव्हतं. सकाळपासून सहा-सात वेळा पातळ शी झालेली. ताई पुढं काही बोलणार तेवढ्यात मागून आजीचा आवाज आला, "काई नाही गं, दात यायलेत लेकराला. तुला बी असेच ढाळ लागले होते."

झालं! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवला, झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लेकराची लंगोट कोरडीच. जीभ सुकलेली, डोळे आत गेलेले, रडताना डोळ्यांत पाणी नाही. मग मात्र धावपळ करून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "दात येतायत हे खरंय. पण जुलाब दातांमुळे नाहीत. पोटात जंतू गेलेत, आणि अंगातलं पाणी कमी झालंय." ओआरएस दिलं, झिंक दिलं. दोन दिवसांत पोरगं परत खेळायला लागलं. आणि चौथ्या दिवशी खालच्या हिरडीतून तांदळाच्या कणीएवढा पांढरा दात वर आला. आजी विजयी मुद्रेनं म्हणाली, "बघ! म्हणलं नव्हतं?"

आता गंमत अशी की आजी चुकली, पण तिची चूक फार जुनी आणि फार मोठ्या लोकांनी केलेली आहे. आज आपण तिचाच इतिहास बघणार आहोत.

दोन हजार वर्षांचा आरोपी

प्राचीन ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर जे ग्रंथ सांगितले जातात, त्यात बाळाच्या दातांवर एक छोटा मजकूर आहे. दात येताना ताप, जुलाब, झटके यांची चर्चा तिथंही आहे. आपल्याकडे काश्यपसंहितेत तर दात येण्यावर वेगळा अध्यायच आहे. आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात म्हटलंय की दात फुटणं हे बाळाच्या सगळ्याच रोगांचं कारण होऊ शकतं. म्हणजे आजीच्या पाठीशी थेट वाग्भट उभा आहे!

पण थांबा. तोच वाग्भट त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती आपण विसरलो. तो म्हणतो, दातांच्या दुखण्यात बाळावर फार उपचारांचा जाच करू नका, दात आले की हे त्रास आपोआप शमतात. ही दुसरी ओळ लक्षात ठेवा. पुढे तिची किंमत कळेल.

आता युरोपात जाऊ. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आम्ब्रॉज पारे नावाचा प्रसिद्ध शल्यचिकित्सक होता. एका सरदाराचं आठ महिन्यांचं मूल वारलं. पारेनं तपासलं तर हिरडीखाली दात तयार होते, वर आलेले नव्हते. त्यानं निष्कर्ष काढला की दातांना वाट मिळाली नाही म्हणून मूल गेलं. उपाय काय? हिरडी चाकूनं कापायची! पुढची तीनशेहून जास्त वर्षं युरोप-अमेरिकेतले डॉक्टर बाळांच्या हिरड्यांवर चाकू चालवत राहिले. भूल नाही, आणि हत्यार उकळून घ्यायची पद्धतही नाही.

१८३९ च्या इंग्लंड आणि वेल्सच्या सरकारी नोंदी बघा. त्या एका वर्षात ५,०१६ मृत्यूंच्या कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय? 'दात येणे'. पाच हजार बाळं! आज आपल्याला माहीत आहे की दात येण्यानं कुणी मरत नाही. मग ती बाळं कशानं गेली? जुलाबानं, न्यूमोनियानं, मेंदूज्वरानं, भुकेनं. पण कागदावर आरोपी एकच, दात. आणि आरोपी सापडला की तपास थांबतो.

आळ दातांवरच का आला?

कारण वेळ जुळते. पहिला दात साधारण सहाव्या ते दहाव्या महिन्यात येतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसच्या वीस दुधाचे दात येतात. म्हणजे या काळात बाळ कधीही आजारी पडलं तरी कुठला ना कुठला दात येतच असतो!

आणि याच सहाव्या महिन्यात आणखी तीन गोष्टी होतात. एक, आईकडून पोटात असताना मिळालेली रोगप्रतिकारक शक्ती ओसरायला लागते. दोन, आपण उष्टावण करतो, म्हणजे बाहेरचं अन्न आणि पाणी सुरू होतं. तीन, बाळ रांगायला लागतं आणि जमिनीवरची प्रत्येक गोष्ट थेट तोंडात. चप्पल, चमचा, मोबाईलचा चार्जर, काहीही. आता आपल्या जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरचं साठवलेलं पाणी, पावसाळ्यात गढूळ पाणी. जुलाब व्हायला याहून वेगळं कारण कशाला हवं?

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी सव्वाशे बाळांचा अभ्यास केला आणि तो २००० साली छापून आला. आईबापांनी रोज ताप मोजायचा, लक्षणं लिहायची. काय दिसलं? दात येण्याच्या आगेमागे बाळ लाळ गाळतं, चावतं, हिरड्या घासतं, किरकिर करतं, थोडं कमी खातं. अंग किंचित कोमट लागू शकतं. पण मोठा ताप, जुलाब, उलट्या यांचा दातांशी संबंध दिसला नाही.

सहाणेवरचे उपाय आणि पाऱ्याची पावडर

आता आपल्या घरातलं बघू. जालन्यात काष्ठौषधीच्या दुकानात जा आणि "बाळाची गुटी द्या" म्हणा. पुड्यात हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, हिरडा, सुंठ, जायफळ, अतिविष, काकडशिंगी असं बरंच काही मिळतं. दातांसाठी खास असते ती डिकेमाली. हा एका झाडाचा उग्र वासाचा डिंक. तो उगाळून हिरडीवर चोळायचा. अजून एक जुना उपाय म्हणजे टाकणखाराची लाही मधात कालवून लावायची.

हे उपाय बायकांनी प्रेमापोटीच जपले. हिरडीवर बोट हलकं फिरवलं की बाळाला बरं वाटतं, हे आजचे डॉक्टरही मान्य करतात. पण आराम बोटानं मिळतो, टाकणखारानं नाही. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. इंग्लंडमध्येही चोखणीला मध आणि बोरॅक्स लावून द्यायची रीत होती. १९८३ मध्ये डॉक्टरांनी सात बाळांची हकीकत छापली. या बाळांना झटके यायचे, आणि चोखणीवरचं ते मिश्रण बंद केल्यावर झटके थांबले. आणि मध तर एक वर्षाच्या आत देऊच नये, त्यातल्या जंतूंनी बाळाच्या अंगाला लुळेपणा येऊ शकतो.

आणि फक्त आपणच भोळे होतो असं समजू नका. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात दातांसाठी म्हणून दुकानात पावडरी मिळायच्या. त्यात काय असायचं? कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं संयुग. त्यातून बाळांचे हातपाय गुलाबी व्हायचे, सुजायचे, दुखायचे. बाळ रात्रंदिवस विव्हळायचं, केस आणि दात गळायचे. डॉक्टर त्याला 'गुलाबी रोग' म्हणायचे आणि कारण शोधत राहायचे. १९४० च्या दशकात पाऱ्यावर संशय पक्का झाला. १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये उत्पादकांनी पावडरीतून पारा काढला आणि काही वर्षांत तो रोगच जवळजवळ नाहीसा झाला. दाताच्या औषधानंच दात पाडले होते!

गप्प करणारं औषध

आता या गोष्टीतला सगळ्यात काळा भाग. १८४९ च्या सुमारास अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' बाजारात आलं. बाटलीवर, जाहिरातीत हसरी आई आणि शांत झोपलेलं बाळ. दात येताना द्या, बाळ लगेच शांत. होणारच! आत मॉर्फिन होतं, म्हणजे अफूचा अर्क. काही बाळं झोपली ती उठलीच नाहीत. १९११ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं अशा औषधांना 'बाळांचे मारेकरी' म्हटलं.

आपल्याकडे बाटली नव्हती, गोळी होती. बाळगोळी. थोडी अफू, थोडे मसाले, बाजरीच्या दाण्याएवढी. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारनं अफूवर रॉयल कमिशन नेमलं, त्याच्यासमोर पश्चिम भारतात बाळांना अफू देण्याची रीत आली. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरणी कामगार बायकांची पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक बाळाला अफू दिली जाते असं दिसलं.

का देत होत्या? त्या आया वाईट होत्या? अजिबात नाही. गिरणीत दहा-दहा तास उभं राहायचं. बाळ खोलीवर. बघायला कुणी नाही. पोर रडलं तर पाळी सोडून येता येत नाही, आली तर पगार कापला जातो. दात येणारं बाळ दोन-चार दिवस सतत कडेवर मागतं. आणि कडेवर घ्यायला माणूस नाही. म्हणून गोळी. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, कारखान्यांत पाळणाघरांची मागणी वाढली. अफूवर फक्त बंदी घालून भागणार नव्हतं, आईला वेळ द्यायला हवा होता.

तेव्हा आपलं जालना निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात. १९४८ ला निजामी संपली आणि १९८१ मध्ये जालना जिल्हा वेगळा झाला. कापसाचा बाजार मात्र जुना. मी आजीला विचारलं, "बाळगोळी माहितीय का?" ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझी आजी सांगायची. कापूस वेचायला जायचं तर लेकरू झोपाया पाहिजे ना बाबा. कोण घेऊन बसणार?"

मंडळी, हे वाक्य जुनं झालेलं नाही. आजही दिवाळीच्या आसपास जालना, बीडमधून ट्रॅक्टर-ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने. पहाटे अंधारात फड सुरू होतो. बाळ बांधावर झोळीत किंवा सात-आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर. त्या झोळीतल्या बाळालाही सहाव्या महिन्यात दात येतात. त्याला जुलाब झाले तर "दात यायलेत" म्हणणं आईला सोयीचं नाही, तिला दुसरा पर्यायच नाही. दवाखान्यात जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची आणि मुकादमाची बोलणी खायची.

मग करायचं काय?

वाग्भटाची ती दुसरी ओळ आठवा. फार उपचार करू नका. स्वच्छ हात धुवून बोटानं हिरडी हलकी चोळा. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ फडकं भिजवा, फ्रीज असेल तर थोडा वेळ ठेवा, आणि ते चघळायला द्या. रबरी रिंग फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. लाळ पुसत राहा, नाहीतर हनुवटीला पुरळ येतं. आणि कडेवर घ्या. फारच दुखत असेल तर ताप-दुखीचं औषध डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे.

हिरडी बधिर करणारी जेल लावू नका. त्यातल्या बेंझोकेनमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद घटू शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या बाळांसाठी ती वापरू नका असं बजावलं. ऑनलाइन मिळणाऱ्या मण्यांच्या माळाही नकोत. गळ्याला फास बसू शकतो, मणी घशात अडकू शकतो.

जुलाब झाले तर दातांना विसरा. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा पाण्यात घालून पाजायला सुरुवात केली. मृत्यू ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. तेच ओआरएस आज आशाताईंकडे मिळतं. पाकीट लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, उकळून गार केलेल्या, चमच्या-चमच्यानं. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा. झिंक १४ दिवस. लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं, शीतून रक्त आलं किंवा ताप १००.४ च्या वर गेला, तर वाट बघू नका, दवाखाना गाठा.

आजीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आमचं सगळं खोटंच का?" मी म्हटलं, "नाही आजी. दात यायलेत हे खरंच होतं. फक्त तेवढ्यावर थांबायचं नव्हतं."

आता भाच्याला सहा दात आहेत. परवा त्यानं माझ्या इयरफोनची वायर चावून तोडली. त्याबद्दल मात्र दातांनाच दोष देतोय!

घरात, शेजारी कुणाचं लहान लेकरू असेल तर त्यांना हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या.