खोडदच्या दुर्बिणीमागचे संगणक : एक वाटचाल

जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे आपली जीएमआरटी, लांबून पाहणाऱ्याला आजही पहिल्यासारखीच दिसते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला त्याच ३० अँटेना उभ्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मधल्या भागात दाटीने आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या, असा सुमारे २५ किलोमीटरचा पसारा. प्रा. गोविंद स्वरूप यांनी १९८०च्या दशकात ही कल्पना मांडली आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या एनसीआरए केंद्राने ती उभी केली. पोलादी दोरांवर बारीक तारांची जाळी ताणायची, म्हणजे वारा आरपार जातो, सांगाडा हलका राहतो आणि पैसेही वाचतात, हा स्वरूप यांचा विचार देशातल्या अभियांत्रिकीच्या इतिहासात मानाने नोंदवावा असा आहे. त्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. मला लिहायचं आहे ते अँटेनांकडून ऑप्टिकल फायबरवरून आलेले संकेत ज्या इमारतीत पोचतात, तिथल्या वाटचालीबद्दल.

तिथे चालणारं मूळ काम गुणाकाराचं आहे. प्रत्येक अँटेनाचा संकेत दुसऱ्या प्रत्येक अँटेनाच्या संकेताशी जुळवून पाहायचा. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५. या जोड्यांमधूनच आकाशाचं चित्र तयार होतं. २००२ पासून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जीएमआरटी वापरू लागले, तेव्हा हे गुणाकार खास बांधलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करत होती. ती विश्वासू होती, पण जे तिच्या तारांत आणि चिपांत कोरलं गेलं होतं तेवढंच ती करायची. नवी कल्पना सुचली, तर ती यंत्रणेला शिकवायची सोय जवळपास नव्हती.

दुसऱ्या पिढीत एक धाडस झालं. जयंता रॉय, यशवंत गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोरांटोचे उए-ली पेन आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाचे जेफ्री पीटरसन यांच्याबरोबर बाजारात मिळणारे संगणक, बाजारातली अ‍ॅनलॉग-डिजिटल कार्डं आणि साधे नेटवर्क स्विच जोडून सगळा हिशोब सॉफ्टवेअरवर आणला. जीएमआरटी सॉफ्टवेअर बॅकएंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या यंत्रणेचा शोधनिबंध २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. हे संगणक लिनक्सवर चालत. कुणाच्याही टेबलावर असावी तशी यंत्रं एका जागतिक दर्जाच्या दुर्बिणीचा मेंदू होऊ शकतात, हे त्यांनी दाखवून दिलं. माझ्या मते खोडदच्या इतिहासातलं हे अँटेनांच्या खालोखाल महत्त्वाचं वळण आहे.

पण संगणकावर भिस्त टाकली की संगणकाच्या अडचणीही पदरी येतात, आणि त्यातली सर्वांत नाजूक अडचण माहिती आत येण्याच्या दारातच असते. नेटवर्क कार्डावर पॅकेट, म्हणजे माहितीचं छोटं पाकीट, येऊन पडलं की कार्ड प्रोसेसरला हाक मारतं. या हाकेचं नाव इंटरप्ट. प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, पॅकेट उचलतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. घरच्या संगणकावर हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. दहा गिगाबिटच्या तारेवर मात्र आठ किलोबाइटची पॅकेटं पूर्ण वेगाने यायची, तर सेकंदाला सुमारे दीड लाख होतात. म्हणजे एका पॅकेटमागे जेमतेम साडेसहा मायक्रोसेकंद मिळतात. पॅकेटं दीड हजार बाइटची असली, तर तीच संख्या आठ लाखांपुढे जाते.

संगणकात प्रोसेसर आठ असोत की सोळा, या साऱ्या हाका एकाच्याच वाट्याला आल्या तर बाकीच्यांचा काही उपयोग नाही. गौरी-गणपतीच्या दिवसांत मुंबईकडून कोकणात निघालेली सगळी वाहनं खांबच्या नाक्यावर एकाच हवालदाराच्या भरवशावर सोडावीत आणि पुढे कोलाडला चौघे मोकळे उभे असावेत, तसं ते होतं. फरक असा की महामार्गावरची गाडी तुंबून राहते, नंतर का होईना पुढे जाते. नेटवर्क कार्डाची साठवणीची जागा भरली की पुढचं पॅकेट टाकून दिलं जातं. इंटरनेटवर ते पुन्हा मागवता येतं. आकाशाकडून काही पुन्हा मागवता येत नाही. स्पंदकाचा, म्हणजे पल्सरचा, जो स्पंद त्या क्षणी अँटेनांवर आदळला, तो त्याच क्षणी नोंदवायचा. नाहीतर तो गेला.

लिनक्सच्या जगात हा धडा जाहीर फजितीतून आला. १९९९च्या एप्रिलमध्ये माइंडक्राफ्ट या कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या पैशाने एक चाचणी केली. चार प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डं असलेल्या सर्व्हरवर विंडोज एनटी फायली पुरवण्यात लिनक्सच्या अडीच पट आणि वेबपानं पुरवण्यात ३.७ पट वेगवान ठरलं. चाचणीवर आक्षेप घेतले गेले आणि त्यातले काही रास्त होते. तरी मूळ दोष खरा होता: एनटीमध्ये एकेका कार्डाच्या हाका एकेका प्रोसेसरला बांधून दिल्या होत्या, आणि लिनक्सच्या त्या वेळच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, नेटवर्कचं काम जणू एकाच कुलपामागे चालत होतं. लिनक्सवाल्यांनी आरडाओरडा करण्यात वेळ घालवला नाही असं नाही, पण दोषही दुरुस्त केला. जानेवारी २००१मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीत नेटवर्कचं काम अनेक प्रोसेसरवर समांतर चालू लागलं. कोणती हाक कोणत्या प्रोसेसरने घ्यायची हेही एका छोट्या फाइलमध्ये आकडा लिहून सांगता येऊ लागलं.

मग हा आकडा दर वेळी माणसाने का लिहावा? रेड हॅटमध्ये असताना आर्यन व्हॅन डे व्हेन यांनी आयआरक्यूबॅलन्स नावाचा प्रोग्राम लिहिला, पुढे नील हॉर्मन यांनी तो सांभाळला. दर दहा सेकंदांनी तो कर्नलच्या नोंदींत डोकावतो. कोणत्या उपकरणाने किती हाका मारल्या, कोणत्या प्रोसेसरवर किती भार पडला हे पाहून पुढची वाटणी बदलतो. कर्नलच्या आत असंच काम करणारा एक भाग काही काळ होता. तो नंतर काढून टाकला, आणि ते योग्यच झालं: धोरण बाहेर ठेवलं की ते बदलायला सोपं जातं. ज्या नोंदी हा प्रोग्राम वाचतो त्या कुणालाही वाचता येतात. शाळेच्या संगणक खोलीत लिनक्स असेल तर इंटरप्ट्स नावाची ती फाइल उघडून मुलांना दाखवावी. प्रत्येक प्रोसेसरचा एक रकाना, प्रत्येक उपकरणाची एक ओळ, आणि फाइल पुन्हा पुन्हा उघडली की आकडे वाढताना डोळ्यांनी दिसतात.

नुसत्या वाटणीने मात्र भागत नाही. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६मध्येच दाखवलं होतं की हाकांचा पूर आला तर यंत्र फक्त हाकांना ओ देत बसतं आणि खरं काम एकही पूर्ण होत नाही. त्यावर लिनक्सने एनएपीआय ही पद्धत आणली: पहिली हाक ऐकायची, मग हाका बंद करून कार्डापुढची पॅकेटं घाऊक उचलायची, रांग संपली की हाका पुन्हा सुरू. पुढे एमएसआय-एक्स या सोयीमुळे एकाच नेटवर्क कार्डाला अनेक रांगा आणि प्रत्येक रांगेला स्वतंत्र हाक मिळाली.

खोडदची तिसरी पिढी या साऱ्यानंतर आली. जुनी यंत्रणा ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा एका वेळी पाहायची. नव्या वाइडबँड बॅकएंडने तो ४०० मेगाहर्ट्झवर नेला. अँटेनांवरचे रिसीव्हरही बदलले गेले, पण आकड्यांचा लोंढा खरा कुठे वाढला ते पाहा. प्रत्येक अँटेनाची दोन ध्रुवीकरणं, म्हणजे ६० प्रवाह, प्रत्येकात सेकंदाला ८० कोटी नमुने. एकूण ४८०० कोटी. पूर्वी हाच आकडा ४०० कोटींच्या आसपास होता. हे नमुने कॅस्पर गटाने घडवलेल्या एफपीजीए बोर्डांवर, म्हणजे हव्या त्या कामासाठी जुळवता येणाऱ्या चिपांच्या बोर्डांवर, पॅकेटांत बांधले जातात, दहा गिगाबिटच्या तारांवरून सर्व्हरमध्ये येतात आणि तिथे ग्राफिक्स प्रोसेसर गुणाकार करतात. सुदा हर्षवर्धन रेड्डी आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये या यंत्रणेचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं.

अशा कामात हाकांची सारखी वाटणी करणं उलट नुकसानीचं ठरतं. दोन सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर-चिपांच्या दोन बैठका असलेल्या, सर्व्हरमध्ये नेटवर्क कार्ड एका सॉकेटला जवळ असतं, दुसऱ्याला दूर. हाक दूरच्या प्रोसेसरने घेतली, तर पॅकेट दोन सॉकेटमधला पूल ओलांडून जातं आणि वाटेत कॅशेत, म्हणजे प्रोसेसरजवळच्या झटपट स्मृतीत, ठेवलेली माहिती वाया जाते. ग्राफिक्स कार्डही एका बाजूलाच जोडलेलं असतं. शिवाय दर दहा सेकंदांनी वाटणी बदलणारा प्रोग्राम नेमक्या गर्दीच्या क्षणी एखादी हाक हलवू शकतो. म्हणून अखंड प्रवाह घेणाऱ्या यंत्रांवर आयआरक्यूबॅलन्स बंद ठेवून, किंवा काही प्रोसेसर त्याच्या कक्षेबाहेर काढून, हाका हाताने बांधण्याचा प्रघात जगभर आहे: पॅकेट उचलणारा प्रोसेसर, ते वाचणारी प्रक्रिया, तिची स्मृती आणि ग्राफिक्स कार्ड, सगळं एका बाजूला. किरकोळ हाका, म्हणजे डिस्क, कीबोर्ड, देखरेखीच्या तारा, दुसरीकडे. रोजच्या वेब सर्व्हरवर मात्र मी आयआरक्यूबॅलन्सला हात लावू नये असंच म्हणेन. तिथे भार तासातासाला बदलतो आणि हाताने बांधलेली व्यवस्था महिन्याभरात शिळी होते. समतोल कशाला म्हणायचं हे कामावर ठरतं, आकड्यांच्या सारखेपणावर नाही.

एवढी काळजी कशासाठी, याचं उत्तर २०२३च्या जूनमध्ये मिळालं. भारतातल्या स्पंदक-निरीक्षकांचा इनपीटीए गट आणि युरोपातला गट यांनी मिळून अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर केले. त्यातली भारताची निरीक्षणं सुधारित जीएमआरटीची होती. स्पंदकांच्या ठोक्यांत वर्षानुवर्षं पडणारा मायक्रोसेकंदाहूनही सूक्ष्म फरक शोधायचा असतो. नोंदीतला प्रत्येक नमुना आपल्या वेळेला आपल्या जागी असल्याखेरीज तो फरक सापडत नाही.

आता पुढचा टप्पा स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरेचा. २०२४च्या जानेवारीत केंद्र सरकारने या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातल्या सहभागासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केले, आणि दुर्बिणीच्या नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरची मोठी जबाबदारी एनसीआरएकडे आहे. ऑस्ट्रेलियात या प्रकल्पाच्या कमी वारंवारतेच्या दुर्बिणीत १,३१,०७२ अँटेना असतील.